बफिंगला गेलेली घड्याळं

घड्याळांच्या म्युझियमबद्दल लिवतोय म्हटल्यावर तुमी काय धरून बसला असशीला ते मला ठावं हाय. एक म्हातारा घड्याळजी असंल. डोळ्याला भिंग, हात थरथरणारे, आवाज मऊ. शेवटी त्यो काळाबद्दल कायतरी खोल बोलंल आणि तुमी पुस्तक मिटून जरा वेळ खिडकीतनं बाहेर बघशीला.

ते सगळं आत्ताच सोडून द्या. माझा मामा घड्याळजी हाय, पण त्याच्या आवाजानं समोरच्या गाड्यावरच्या चहाच्या कपबश्या हलतात. हात अजाबात थरथरत न्हाईत. फक्त एखादं गिऱ्हाईक सेल बदलायला आलं की शिवी द्यायच्या आधी ते जरा वळवळतात. आणि काळाबद्दल त्यो आयुष्यात कायबी बोललेला न्हाय. "बोलून झालं असंल तर जावा आता" एवढंच बोलतोय, ते बी सगळ्यांस्नी.

मी स्वतः आवाज काढतो. म्हंजे दुसऱ्यांचे. शाळेत असताना हेडसरांच्या आवाजात माइकवरनं अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर केलती, तवापासनं निपाणीत माझी ओळख हाय. आता बारशाला, वास्तुशांतीला, दुकानाच्या उद्घाटनाला मीच सूत्रसंचालन करतो. शहापुरातल्या साडीवाल्याची जाहिरात घेऊन जी रिक्षा गल्लीगल्लीतनं कोकलत फिरती, तिच्यातली लाजणारी सून बी मीच आणि खाष्ट सासू बी मीच.

मामाचं दुकान निपाणीच्या जुन्या बाजारात. एवढं अरुंद की मामानं श्वास घेतला तर गिऱ्हाईकानं सोडायचा. त्याच्या पाठीमागं भिंतीवर लाकडी पेटीचं, लंबकाचं एक घड्याळ होतं, त्याच्या आप्पांचं, म्हंजे माझ्या आजाचं. आजा बी घड्याळजीच. मामाचा सगळा जीव त्या घड्याळात होता, पण घड्याळाच्या चालण्यात न्हाय. त्याच्या पोटात.

ते सांगतो. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांची एक पद्धत हाय. काम झालं की मशीन पेटीत घालायच्या आधी मागच्या पितळी पत्र्यावर सुईनं बारीक खूण खरडायची. कवा उघडलं, काय केलं. मालकाला ती कधी दिसत न्हाय. पुढं जो कोण उघडंल त्याच्यासाठी ती असती. माझा आजा शाळेत गेलेला न्हवता. कुठं सही करायची झाली तर अंगठा. पण त्या पत्र्यावर त्याच्या खुणा होत्या. तेल घातलं तर ठिपका. स्प्रिंग बदलली तर गोगलगायीसारखं वेटोळं. पावसाळ्यात उघडलं तर शेजारी दोन तिरक्या रेघा. आणि खाली कोपऱ्यात एक लई वाकडं वेटोळं, मामानं पोरवयात खरडलेलं. त्याच्याखाली आजानं तेच वेटोळं नीट काढून दावलेलं.

आजाच्या हातचं जगात शिल्लक एवढंच. मामा हे कुणाला सांगत न्हाय. मला तरी कशाला सांगितलं असतं. एकदा मशीन उघडं असताना मी मागनं वाकून बघालतो, तवा त्यानं सुईच्या टोकानं एकेक खूण दावली, आणि दावून झाल्यावर म्हणाला, "बघितलंस? आता उजेड सोड."

तर असं चाललेलं असताना आमच्या गावात वारश्याची साथ आली.

पयला रोगी म्हंजे अध्यक्ष. तवा ते कशाचे अध्यक्ष न्हवते, पण पुढं झाले, म्हणून अध्यक्षच म्हणतो. त्यांचे वाडवडील तंबाखूतले. ह्यांनी मच्छे गावाला मशिनी टाकून गाड्यांचे पार्ट करायचा कारखाना काढला. राहायला निपाणीत, कारखाना बेळगावच्या पल्याड, त्यामुळं काकतीजवळच्या उड्डाणपुलाखाली गाडी अडकून त्यांची अर्धी हयात गेलीया. ते एकदा बायकोला घेऊन परदेशात फिरायला गेलते. तितं त्यांनी घड्याळांचं म्युझियम बघितलं. बघितलं म्हंजे, मोबाइलमधी फोटो हाईत, सगळ्या फोटोंत अध्यक्ष पुढं आणि घड्याळ त्यांच्या कानामागं.

परत आल्यावर त्यांनी समिती काढली. समिती म्हंजे अध्यक्ष, आणि अध्यक्ष बोलताना माना हलवणारे बाकीचे. म्युझियमला त्यांची स्वतःची जुनी तंबाखूची वखार. वखारीतला तंबाखू जाऊन जमाना झाला, पण भिंतींनी त्यो सोडलेला न्हाय. आत पाय टाकला की माणूस शिंकतोच. एका सभासदानं "वखारीत धूळ हाय, घड्याळांस्नी बाधंल" असं म्हणायला तोंड उघडलं आणि शिंकला, ते वाक्य तसंच ऱ्हायलं.

मग व्हॉट्सॲपवर हाक गेली, वारश्याला पाठिंबा द्या. हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. पाठिंबा देणं लई सोपं हाय बघा, अंगठ्यानं होतंय. जेनी जेनी घड्याळं दिली त्यांच्या घरात मी जाऊन आलोय, टेम्पोबरोबर गोळा करायला मीच होतो. एका घरातल्या काकूंनी घड्याळ देताना मला हळूच विचारलं, "परत तर न्हाय ना देणार?"

मामाकडं मातर अध्यक्ष स्वतः आले. मी दुकानाच्या पायरीवर बसलेलो.

"ऐका," अध्यक्ष म्हणाले आणि चहाचा घोट घेतला. ही त्यांची सवय. ऐका म्हणायचं आणि भुरका मारायचा, तवर समोरच्यानं त्यो भुरकाच ऐकायचा. "तुमच्या आप्पांचं घड्याळ हॉलच्या मधोमध. वर लाइट. खाली पितळी पाटी. पाटी."

शेवटचा शब्द दोनदा. पयल्यांदा लोकांसाठी, दुसऱ्यांदा स्वतःसाठी.

"पाटीवर काय लिवणार?" मामा.

"आप्पांचं नाव की हो अण्णा. नाव."

मामानं हातातली सुई खाली ठेवली. अंगठा लावणाऱ्या माणसाचं नाव पितळेत कोरून मिळणार, एवढ्या एका गोष्टीवर त्यो फसला.

"माझी एक अट हाय," त्यो म्हणाला. "मशीन मीच उघडणार, साफ बी मीच करणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाय."

"आमाला त्यातलं येतंय तरी काय, अण्णा. काय."

"हे मातर खरं बोललासा."

मामीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन मामानं ते घड्याळ वखारीत पोचवलं. मला पुढं ड्रायव्हरशेजारी बसवलेलं, खड्डे सांगायला. वखारीत ठेवून आल्यावर दुकानातल्या भिंतीवर पेटीच्या आकाराचा एक पांढरा चौकोन दिसालता. मामा त्या चौकोनाकडं पाठ करून बसला, म्हंजे रोजच्यासारखाच.

उद्घाटन जवळ आलं तसं मला अध्यक्षांच्या ऑफिसात बोलावणं आलं, सूत्रसंचालनाचं ठरवायला. त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावरच ऑफिस. मी गेलो तर फोन स्पीकरवर, पलीकडं मच्छेच्या कारखान्यातले मेस्त्री.

"घड्याळं पोचली साहेब. सगळी खोललोय. जेवण करून बफिंगला लावतो."

"आरशासारखं पायजे. आतनं बी, बाहेरनं बी. आरशासारखं."

बफिंग म्हंजे, कापडाचं चाक गरागरा फिरत असतंय, त्याच्यावर धातू धरायचा. वरचा थर घासून जातोय आणि खाली चकचकीत निघतंय. आमच्या ह्या भागात गल्लीला एक मशीन शॉप हाय, तितल्या माणसाला कुठलीबी धातूची वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवतात, हिला घासू, हिला रंग मारू. त्यांचा दोष न्हाय, त्यांचं पोटच त्यावर हाय. पण आजा त्या वरच्या थरातच होता.

"साहेब," मी म्हणालो, "मामाचं बी घड्याळ गेलं?"

"सगळीच गेली तम्मा. तुझ्या मामाला सरप्राइज. सरप्राइज."

"त्यानं अट घातलती की, मीच उघडणार म्हणून."

"अरे त्याच्याकडं मशीन हाय काय बफिंगचं? फडक्यानं घासत बसंल. आमच्या हितनं ब्रेकचे पार्ट जातात, तोंड दिसतंय त्यात. तोंड."

"आतल्या पत्र्यावर खुणा हाईत साहेब. आजानं खरडलेल्या."

अध्यक्षांनी माझ्याकडं कनवाळू नजरेनं बघितलं. "ओरखडे हाईत? मग तर पयला त्योच पत्रा घासाय पायजे. वारश्यावर ओरखडे बरे दिसतात काय. काय."

असं म्हणून ते वर जेवायला गेले. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज वर वर गेला, आणि टेबलावर माझ्यापुढं त्यांचा चहा आणि ऑफिसचा फोन ऱ्हायला. फोनवर कारखान्याचं बटण लाल चिकटपट्टी लावून ठेवलेलं. जेवणाची सुट्टी संपली की आजा संपणार. मामाला सांगायला दुकानात पळालो असतो तर मामा मच्छेला पोचेपर्यंत त्या पत्र्यात मेस्त्रींनी भांग पाडला असता.

मी बटण दाबलं.

"ऐका," मी म्हणालो, आणि अध्यक्षांच्याच कपातला चहा फोनजवळ नेऊन भुरकला. गार झालता.

"बोला साहेब."

"ती घड्याळं. बफिंगला लावू नका. नका."

"आताच म्हणालासा की आरशासारखं."

"ते मघाशी. आता आताचं सांगालोय. सांगालोय."

पलीकडं डब्याचं झाकण ठाणकन लागलं. मला वाटलं, सापडलो. मग मेस्त्रींनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की मी निर्धास्त झालो. अध्यक्ष रोजच असं करत असणार. एखाद्या दिवशी शब्द फिरवला न्हाय तर मेस्त्रींना संशय येत असंल.

"एक बी लावू नको म्हणतासा?"

हितं माझं धाडस जरा आटलं. सगळ्या गावाची घड्याळं थांबवायची माझी लायकी न्हाय असं वाटलं. "एकच बाजूला ठेवा," मी म्हणालो. "ज्याच्या पितळी पत्र्यावर सुईनं खरडलंय ते. ते."

"साहेब, खरडलेलं तर सगळ्यांवर हाय."

"सगळ्यांवर?"

"व्हय की. एकावर आकडे हाईत, एकावर कन्नडमधी कायतरी हाय, एकावर तर बारकं कमळ काढलंय. आमी समदी बघून हसालतो, कोण येडा पत्र्यामागं कमळ काढत बसला असंल म्हणून."

मी जरा वेळ अध्यक्ष बी न्हवतो आणि मी बी न्हवतो. मला वाटालतं खुणा म्हंजे आमच्या आजाची खोड. पण निपाणी, चिकोडी, संकेश्वर, कुठल्या कुठल्या बोळात कोण कोण बसून ही घड्याळं उघडून गेला असंल, आणि प्रत्येकानं पुढच्यासाठी कायतरी ठेवलेलं. आणि ते घासायला आमची वारसा समिती स्वतःचा टेम्पो देऊन पाठवती.

"मग कुठल्याच पत्र्याला हात लावू नका," मी म्हणालो. "हाईत तशी परत पाठवा. तशी."

"हाईत तशी?"

"हाईत तशी."

फोन ठेवला. कपात चहा थोडा कमी झालता, त्यात तांब्यातलं पाणी ओतून बरोबर केला. वर अध्यक्षांना ताकाचा ठसका लागलेला ऐकू आला.

टेम्पो परत आला त्या दुपारी अध्यक्षांनी मामाला वखारीत बोलावलं, सगळ्या घड्याळांत टाइम लावून द्यायला. मी बी बरोबर गेलो, माझा पराक्रम बघायला. भिंतीला ओळीनं रिकाम्या लाकडी पेट्या. आणि मधे प्लॅस्टिकचे क्रेट. एका क्रेटमधी सगळ्या घड्याळांचे पितळी पत्रे, चवडीनं. एकात सगळी चाकं. एका बकेटीत सगळे स्क्रू आणि पिना, वर ऑइल. लंबक शेवग्याच्या शेंगांसारखे सुतळीनं बांधलेले.

हाईत तशी पाठवलीत मेस्त्रींनी. त्यांच्या कारखान्यात काम असंच चालतंय. एका जातीचा माल एका क्रेटमधी. तितं चाक म्हंजे चाक, कुठलंबी उचला, कुठंबी बसवा. हितल्या एका घड्याळाचं चाक दुसऱ्याला ओळख देत न्हाय, हे त्यांना कोण सांगणार. मी तर न्हवतं सांगितलं.

मामा पत्र्यांच्या क्रेटपाशी उकिडवा बसला आणि एकेक पत्रा उजेडाकडं धरून बघाय लागला. एक बघून म्हणाला, "हं." दुसरा बराच वेळ धरून ठेवला, त्यावर कमळ होतं. मग आमचा निघाला. त्यानं अंगठा कोपऱ्यातल्या त्या वाकड्या वेटोळ्यावरनं आणि खालच्या नीट वेटोळ्यावरनं फिरवला. पत्रा सदऱ्याच्या आत घातला, पोटाशी. सदऱ्याला ऑइलचा डाग पडला.

तेवढ्यात अध्यक्ष आले.

"हे काय? बफिंग कुठं हाय? बफिंग?"

तितनंच मेस्त्रींना फोन, स्पीकरवर. मेस्त्री म्हणाले, "तुमीच नको म्हणालासा साहेब."

"मी? मी?"

"ऐका म्हणालासा, चहा पिलासा, मग म्हणालासा."

अध्यक्षांनी वखारीच्या आढ्याकडं बघत विचार केला. आणि काय सांगू, त्यांना पटलं. आपण असं म्हणालो असू, आणि म्हणताना कायतरी मोठा विचार केला असंल, असं त्यांच्या तोंडावर दिसाय लागलं. "बरोबर हाय," ते समितीला म्हणाले. "वारसा हाय तसाच ठेवायचा असतोय. तसाच."

समितीनं माना हलवल्या. मामानं मातर मान हळूच माझ्याकडं वळवली, आणि ती तशीच ठेवली.

पण उद्घाटनाला घड्याळं चालायला तर पायजेत. अध्यक्षांनी त्याच्यावर बी उपाय काढला. बाजारात सेलवर चालणारी प्लॅस्टिकची मशिनी मिळतात, खाली डुलणाऱ्या लंबकासकट. तसली आणून सगळ्या जुन्या पेट्यांत बसवली. मामाला विचारलं, बसवून देशीला काय. मामा त्यांना जे बोलला त्यात त्यांच्या आईचा उल्लेख न्हवता, एवढंच चांगलं सांगता येईल.

उद्घाटन थाटात झालं. पाहुणे फीत कापताना शिंकले आणि फीत तिरकी कापली गेली. मधोमध, लाइटखाली आजाची पेटी, पेटीत प्लॅस्टिकचं मशीन, खाली पितळी पाटी. पाटीवर मोठ्या अक्षरांत अध्यक्षांचं नाव, मधल्या अक्षरांत समितीचं, आणि वाकून बघितलं तर तळाला आजाचं. माझ्या हातात दिलेल्या कागदावर लिवलेलं, पिढ्यान्‌पिढ्या अखंड चालत आलेली ही घड्याळं. मी ते वाचलं, गळ्यात कंप आणून. मला ते जमतंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पाहुण्यांनी विचारलं, "ह्याचे टोल पडतात काय?"

"संध्याकाळी पडतात," अध्यक्ष म्हणाले. "संध्याकाळी."

लोकांनी फोटो काढले, वडा-सांबार खाल्लं, शिंकत शिंकत घरी गेले. एकानं बी पेटीत डोकावून बघितलं न्हाय. ज्या घड्याळांच्या नावानं हे सगळं झालं ती बॅनरच्या मागं क्रेटमधी पडलेली, आणि वर केटरिंगवाल्यानं उष्ट्या प्लेटा ठेवलेल्या. आमच्या गावानं वारसा जपला त्यो असा. अजून कोण आलं तर दावतात, तिकीट न्हाय, रुमाल तेवढा घेऊन या.

दुसऱ्या दिवशी मामानं मला बोलावलं. अध्यक्षांना म्हणे त्यानं सांगितलं, हे भंगार मी घेऊन जातो, आणि अध्यक्षांना जागा मोकळी झाल्याचा आनंद झाला. मामाच्या घरात पुढच्या खोलीत पांढरी चादर अंथरलेली, तिच्यावर सगळी चाकं ओतलेली. पत्रे भिंतीला टेकवून, खुणांची बाजू पुढं. मी दारात चपला काढालतो तवरच सुरू झालं.

"ये. ये की पुढारी. नकला करून काय पोट भरलं न्हाय, आता कारखाने चालवालायस?"

"पत्रा वाचला की मामा."

"वाचला. मग काय आरती करू तुझी? एवढा त्याचा आवाज काढलास, एवढा चहा भुरकलास, मग त्याच आवाजात एक वाक्य जास्त बोलायला जीभ झडली हुती? एकाचं एकात बांधून पाठवा, एवढं म्हणायला काय झालतं? हाईत तशी म्हणे. ती हुती कशी हे तरी विचारलंस? तुला नुसता आवाज पायजे. आत काय हाय ते बघायचं न्हाय. त्या अध्यक्षात आणि तुझ्यात मला तर काय फरक दिसत न्हाय."

"मामा, मी नसतो तर..."

"तू नसतास तर मी रडून मोकळा झालो असतो एकदाचा. आता बघ. हे चाक आप्पांचं न्हाय. हे बी न्हाय. ह्याचे दात बघ, हे कुणाचं, काय म्हाईत. गावातल्या सगळ्यांची आतडी माझ्या चादरीवर आणून ओतलीस. ती परत त्यांच्या त्यांच्या पोटात कोण घालणार, तुझा बा? मला किती वर्षं ऱ्हायलीत? आणि तोंड पाडू नको, ते बी सोंग असतंय तुझं, मी वळखतो. बस खाली. मोठी तिकडं, बारकी हिकडं. अरे हळू, चिंचोके हाईत काय ते? आणि ते फडकं कशाला घेतलंस हातात? ठेव खाली. ते पत्रे पुसायला कुणी सांगितलंय तुला?"